अँग्युलरमध्ये फॉर्मच्या युनिट टेस्ट का फुटतात आणि त्या कशा दुरुस्त करायच्या

आमच्या एका ॲपमध्ये पत्ता नोंदवायचा फॉर्म होता. नाव, मोबाइल, ईमेल, जिल्हा, पिनकोड आणि शेवटी 'अटी मान्य आहेत'चा चेकबॉक्स. त्याच्या १८ युनिट टेस्ट होत्या, म्हणजे कोडचा एकेक तुकडा तपासणारे छोटे प्रोग्रॅम, आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. तरीही डेटाबेसमध्ये ४११० असे चार आकडी पिनकोड येऊन पडत होते. पार्सलं परत यायला लागली तेव्हा आम्ही शोधायला बसलो. व्हॅलिडेटर, म्हणजे भरलेलं मूल्य तपासणारा नियम, जागेवर होता, त्याची टेस्ट होती, आणि ती टेस्ट पास होत होती. घोळ टेस्टमध्येच होता. तो नेमका काय होता ते पुढे योग्य जागी सांगतो, कारण त्याआधी फॉर्मची टेस्ट मुळात उभी कशी राहते ते कळायला हवं.

त्या प्रकरणानंतर मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. फॉर्म भरणारा माणूस जे करतो तेच टेस्टने करायचं: रकाना शोधायचा, त्यात टाइप करायचं, बाहेर पडायचं, बटण दाबायचं. फॉर्मच्या टेस्टमधले बहुतेक एरर याच वाटेवर कुठेतरी काहीतरी तुटलेलं असल्याचं सांगत असतात. ते गप्प केले की तुटलेलं तसंच राहतं.

लेखात अँग्युलर ही वेब ॲप बनवायची चौकट धरली आहे, कारण फॉर्मचे सर्वांत जास्त एरर मी तिथेच सोडवले आहेत. फंक्शन आणि क्लासची नावं आपण बोलताना उच्चारतो तशी लिहिली आहेत.

आधी पहिला एरर शोधा

एका फॉर्मच्या टेस्ट फाइलमध्ये १८ लाल ओळी दिसल्या तरी घाबरू नका. बहुतेक वेळा मूळ एरर एकच असतो. बिफोरईचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टआधीच्या तयारीत, कंपोनंट (पानाचा एक तुकडा, इथे आपला फॉर्म) तयार होतानाच काही फुटलं की फिक्श्चर, म्हणजे त्या कंपोनंटची टेस्टच्या हातातली मूठ, अनडिफाइन्ड राहतो, आणि मग 'अनडिफाइन्डचं डिटेक्टचेंजेस वाचता येत नाही' असे एरर रांगेने येत राहतात (डिटेक्टचेंजेस म्हणजे पान पुन्हा रंगवायला सांगणारं फंक्शन). ते सगळे परिणाम आहेत, कारण वर आहे.

म्हणून एकच टेस्ट चालवा. जास्मिन हे टेस्टचं साधन असेल तर 'इट'च्या जागी 'एफइट' लिहा. जेस्ट किंवा व्हायटेस्टमध्ये 'इट.ओन्ली'. मग टर्मिनल वर सरकवून अगदी पहिला एरर वाचा. त्यात 'एनजी' आणि त्यापुढे आकडा असेल तर तो वहीत लिहून घ्या. फॉर्मपुरते पाच-सहा आकडेच पुन्हापुन्हा भेटतात आणि महिनाभरात पाठ होतात.

काम झाल्यावर तो 'ओन्ली' काढायला विसरू नका. तो राहिला तर बाकीच्या टेस्ट धावतच नाहीत आणि सगळं हिरवं दिसतं.

'फॉर्मग्रुप ही फॉर्मची ओळखीची प्रॉपर्टी नाही'

हा सगळ्यांना पहिल्यांदा भेटणारा एरर, एनजी०३०३. ॲप ब्राउझरमध्ये नीट चालतं आणि टेस्टमध्ये मात्र अँग्युलर म्हणतं, फॉर्मग्रुप म्हणजे काय मला माहीत नाही. नवख्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं, पण कारण सरळ आहे. टेस्टबेड, म्हणजे अँग्युलरचं टेस्ट उभी करणारं साधन, स्वतःचं एक छोटं मॉड्यूल (लागणाऱ्या भागांचा गठ्ठा) उभं करतो. तुमच्या ॲपच्या मॉड्यूलमध्ये काय इम्पोर्ट केलं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. जे लागतं ते त्याला वेगळं सांगावं लागतं.

रिॲक्टिव्ह फॉर्म असेल, म्हणजे टेम्प्लेटमध्ये (कंपोनंटच्या एचटीएमएलमध्ये) फॉर्मग्रुप, फॉर्मकंट्रोलनेम वगैरे असेल, तर कॉन्फिगरटेस्टिंगमॉड्यूलच्या इम्पोर्ट्समध्ये रिॲक्टिव्हफॉर्म्समॉड्यूल टाका. फॉर्म टेम्प्लेटमधूनच बांधणारं एनजीमॉडेल वापरलं असेल तर फॉर्म्समॉड्यूल. 'एनजीफॉर्म नावाने एक्स्पोर्ट केलेलं डिरेक्टिव्ह सापडलं नाही' असा एनजी०३०१ आला तरी औषध हेच, फॉर्म्समॉड्यूल. दोन्ही मॉड्यूलं सरसकट सगळीकडे टाकायची सवय मात्र लावू नका. एकाच रकान्यावर फॉर्मकंट्रोलनेम आणि एनजीमॉडेल दोन्ही लावलेलं असेल तर ती गोष्ट टेस्टमध्ये लक्षात यायला हवी. अँग्युलरच्या सहाव्या आवृत्तीपासून ती पद्धत मोडीत काढली आहे.

कंपोनंट स्टँडअलोन असेल तर गणित बदलतं. त्याचे इम्पोर्ट्स तो स्वतःबरोबर घेऊन येतो, म्हणून टेस्टमध्ये त्याला डिक्लरेशन्समध्ये न टाकता इम्पोर्ट्समध्ये टाकायचं. डिक्लरेशन्समध्ये टाकलं की अँग्युलर स्पष्ट सांगतं, हा कंपोनंट स्टँडअलोन आहे, तो असा घोषित करता येणार नाही. १९व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४पासून, कंपोनंट आपोआपच स्टँडअलोन धरला जातो. जुना प्रकल्प अपग्रेड करताना फॉर्मच्या शेकडो टेस्ट एकदम लाल झाल्या तर आधी हे तपासा. आणि स्टँडअलोन कंपोनंटला ओळखीच्या प्रॉपर्टीचाच एरर आला, तर टेस्टला हात लावू नका. इम्पोर्ट खुद्द कंपोनंटमध्ये राहिलं आहे.

इथे एक धोकादायक बारकावा आहे. नवव्या आवृत्तीत आयव्ही इंजिन आलं, तेव्हापासून अनोळखी प्रॉपर्टी हा टेस्ट पाडणारा एरर राहिला नाही. तो फक्त कन्सोलवर लाल अक्षरांत छापला जातो आणि टेस्ट पुढे चालू राहते. मी असे प्रकल्प पाहिले आहेत जिथे टेस्टच्या लॉगमध्ये या ओळी वर्षानुवर्षं वाहत होत्या आणि कुणी वाचत नव्हतं. जून २०२२मध्ये आलेल्या १४व्या आवृत्तीत यावर उपाय मिळाला: टेस्ट सुरू होताना टेस्टबेडला 'एररऑनअननोनएलिमेंट्स' आणि 'एररऑनअननोनप्रॉपर्टीज' हे दोन पर्याय 'ट्रू' देता येतात. ते द्या. पहिल्या दिवशी बऱ्याच टेस्ट लाल होतील, पण त्या आधीपासूनच मोडलेल्या होत्या.

इंटरनेटवर याच एररसाठी दुसरा उपाय हमखास सापडतो: स्कीमाज्‌मध्ये 'नोएरर्सस्कीमा' टाका. दोन शब्द टाकले की एरर जातो, म्हणून तो मोहात पाडतो. त्याने काय होतं ते नीट बघा. अँग्युलरला आपण सांगतो, ओळखीचं नसेल ते सोडून दे. मग ते फॉर्मग्रुपही सोडून देतं, फॉर्मकंट्रोलनेमही सोडून देतं. टेम्प्लेटमधला रकाना आणि कोडमधला कंट्रोल (त्या रकान्याचं मूल्य सांभाळणारी वस्तू) यांच्यातली तारच जोडली जात नाही. पुढे कुणी फॉर्मकंट्रोलनेमचं स्पेलिंग चुकवलं तरी टेस्ट हिरवी. फॉर्मच्या टेस्टमध्ये हा उपाय मी कोड रिव्ह्यूत कधीच मान्य करत नाही.

याच गटातला आणखी एक प्रकार कर्मा या टेस्ट चालवणाऱ्या साधनावर दिसतो: 'तुमच्या काही टेस्टनी अख्खं पान रीलोड केलं'. तासन्‌तास डोकं खाणारा एरर आहे हा, कारण कोणती टेस्ट ते तो सांगत नाही. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नसेल तर ते सबमिटचं बटण असतं. फॉर्मचं मॉड्यूल इम्पोर्ट केलेलं असलं की अँग्युलरचं डिरेक्टिव्ह तो सबमिट अडवतं आणि एनजीसबमिट पाठवतं. मॉड्यूल नसेल तर अडवणारं कुणी नसतं, ब्राउझर आपलं नेहमीचं काम करतो आणि पान पुन्हा लोड होतं. म्हणून हा एरर आला की ज्या टेस्टमध्ये बटणाचं क्लिक आहे आणि फॉर्मचं मॉड्यूल नाही, तिथे जा.

टेम्प्लेटच्या आधी फॉर्म तयार हवा

मॉड्यूल नीट आहे, तरी 'फॉर्मग्रुपला फॉर्मग्रुपचा इन्स्टन्स हवा' असा एनजी०१०५२ येतो. याचा अर्थ टेम्प्लेट रंगवायची वेळ आली तेव्हा फॉर्म तयारच नव्हता. कंपोनंट फॉर्म स्वतः बनवत असेल तर तो एनजीऑनइनिटमध्ये किंवा त्याआधी बनतो आहे ना ते पाहा. सर्व्हरचं उत्तर आल्यावर सबस्क्राइबच्या आत फॉर्म बनवणारा कोड बरेचदा दिसतो. तिथे टेस्टमधला एरर खरं बोलतो आहे: उत्तर यायला उशीर झाला तर वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येही हेच होणार. फॉर्म आधी रिकामा बनवा, उत्तर आल्यावर पॅचव्हॅल्यूने भरा.

फॉर्म पालक कंपोनंटकडून इनपुट म्हणून येत असेल तर टेस्टमध्ये तो तुम्हालाच द्यायचा आहे, आणि पहिल्या डिटेक्टचेंजेसच्या आधी. क्रम असा: क्रिएटकंपोनंट, मग फिक्श्चर.कंपोनंटरेफ.सेटइनपुटने फॉर्म द्यायचा, मग डिटेक्टचेंजेस. सीएलआयने (अँग्युलरच्या कमांड लाइन साधनाने) बनवलेल्या टेस्ट फाइलमध्ये बिफोरईचमध्येच कंपोनंट उभा करून तो रंगवून मोकळं व्हायची सोय असते. अशा कंपोनंटसाठी ती ओळ तिथून हलवावी लागते. हे न कळल्यामुळे लोक अर्धा दिवस घालवतात.

'कंट्रोलकंटेनरसाठी प्रोव्हायडर नाही' हा त्याचाच भाऊ. मूल कंपोनंट कंट्रोलकंटेनर इंजेक्ट करतो, म्हणजे पालकाचा फॉर्म मागून घेतो, पण तो पुरवणारा (प्रोव्हायडर), फॉर्मग्रुप लावलेला घटक पालकाच्या टेम्प्लेटमध्ये आहे. टेस्टमध्ये पालकच नाही. प्रोव्हायडर हाताने भरत बसण्यापेक्षा मला एक छोटा यजमान कंपोनंट लिहिणं आवडतं: टेस्ट फाइलमध्येच, चार ओळींचा, टेम्प्लेटमध्ये फॉर्मग्रुप लावलेला फॉर्म आणि त्याच्या आत आपला मूल कंपोनंट. ॲपमध्ये ज्या घरात तो राहतो, तसंच घर त्याला टेस्टमध्ये मिळतं.

आणि 'नलचं सेटव्हॅल्यू वाचता येत नाही' असं आलं तर फॉर्म.गेटला दिलेला पत्ता चुकला आहे. गेटला न सापडलेल्या कंट्रोलबद्दल तक्रार करता येत नाही, तो गुपचूप नल देतो. पिनकोड आता 'पत्ता' या आतल्या गटात गेला असेल तर पूर्ण वाट द्यावी लागते, मध्ये टिंब देऊन. टाइप्ड फॉर्म वापरत असाल तर फॉर्म.कंट्रोल्सनंतर टिंब देऊन थेट नाव घ्या. मग चूक टेस्ट चालण्याआधी कंपायलरच दाखवतो.

रकाना तुमचा स्वतःचा असेल तर

'या नावाच्या फॉर्म कंट्रोलसाठी व्हॅल्यू ॲक्सेसर नाही', एनजी०१२०३. साध्या इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरियासाठी अँग्युलरकडे मधला दुभाष्या तयार असतो. तो रकान्यातलं मूल्य कंट्रोलकडे नेतो आणि कंट्रोलचं रकान्यात आणतो. जिल्हा निवडायला तुम्ही स्वतःचा कंपोनंट केला असेल किंवा मटेरियल या तयार कंपोनंट संचाचा मॅटसिलेक्ट वापरला असेल, तर त्याचा दुभाष्या त्याच्याबरोबर येतो, आणि टेस्टमध्ये तो कंपोनंट इम्पोर्ट केला नसेल तर दुभाष्याही नाही. मटेरियलच्या बाबतीत 'मॅटफॉर्मफील्डच्या आत मॅटफॉर्मफील्डकंट्रोल हवा' हा एररही त्याच जातीचा आहे. बहुतेक वेळा मॅटइनपुटमॉड्यूल राहिलेलं असतं.

खरा कंपोनंट जड असेल, नकाशा किंवा मोठी यादी उघडत असेल, तर त्याच्या जागी डमी ठेवायला हरकत नाही. पण डमीलाही दुभाष्याचं काम आलं पाहिजे. प्रोव्हायडर्समध्ये एनजीव्हॅल्यूॲक्सेसर, 'मल्टी' ट्रू, आणि रायटव्हॅल्यू, रजिस्टरऑनचेंज, रजिस्टरऑनटच्ड ही तीन फंक्शनं. तिन्ही रिकामी ठेवली तरी एरर जाईल, पण रजिस्टरऑनचेंजने दिलेलं फंक्शन डमीमध्ये जपून ठेवा. मग टेस्टमधून ते बोलावून 'वापरणाऱ्याने पुणे निवडलं' हे खरोखर घडवता येतं.

टाइप केलं म्हणजे काय केलं?

आता त्या चार आकडी पिनकोडकडे येऊ.

आमचा रकाना इनपुट होता, टाइप 'नंबर'. मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड यावा म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने तसं केलं होतं. कंट्रोलवर दोन व्हॅलिडेटर: रिक्वायर्ड आणि मिनलेंग्थ ६. टेस्टमध्ये लिहिलं होतं, पिनकोड कंट्रोलला सेटव्हॅल्यू करा, मूल्य अवतरणचिन्हांत ४११०, आणि कंट्रोल इनव्हॅलिड आहे का बघा. चार अक्षरांची स्ट्रिंग, किमान लांबी सहा, म्हणून इनव्हॅलिड. टेस्ट हिरवी.

ब्राउझरमध्ये काय होत होतं? टाइप नंबर असलेल्या रकान्याचा दुभाष्या वेगळा असतो. माणसाने टाइप केलेलं तो पार्सफ्लोटमधून काढून कंट्रोलला संख्या म्हणून देतो. म्हणजे कंट्रोलमध्ये स्ट्रिंग नव्हे, ४११० ही संख्या गेली. संख्येला लांबी नसते. आणि ज्या मूल्याला लांबीच नाही, त्याबद्दल मिनलेंग्थ काही बोलत नाही, सरळ पास करतो. आमचा व्हॅलिडेटर त्या रकान्यावर एकदाही चालला नव्हता. टेस्टने मात्र रकान्याला वळसा घालून कंट्रोलच्या हातात थेट स्ट्रिंग ठेवली होती, जी खऱ्या आयुष्यात तिथे कधीच पोचणार नव्हती.

दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. रकाना टाइप टेक्स्ट केला आणि कीपॅडसाठी इनपुटमोड 'न्यूमेरिक' दिला. मिनलेंग्थ काढून पॅटर्न लावला: पहिला अंक १ ते ९, पुढे पाच अंक, कारण आपल्याकडे पिनकोड शून्याने सुरू होत नाही. पॅटर्न लिहिताना आणखी एक खड्डा आहे. तो स्ट्रिंग म्हणून दिला तर अँग्युलर सुरुवात आणि शेवट बांधणारी चिन्हं स्वतः लावतं. रेगएक्स म्हणून दिला तर लावत नाही, आणि मग सात आकडी पिनकोडही आत शिरतो, कारण त्याच्या पोटात सहा आकडे सापडतातच. रेगएक्सला 'जी' फ्लॅग तर देऊच नका. तो मागच्या वेळी कुठे थांबला ते लक्षात ठेवतो आणि तेच मूल्य एकदा व्हॅलिड, एकदा इनव्हॅलिड ठरतं. कारण न सांगता कधी हिरवी, कधी लाल होणारी टेस्ट मी यावरून पाहिली आहे.

टेस्ट आम्ही अशी पुन्हा लिहिली. फिक्श्चरच्या नेटिव्हएलिमेंटमध्ये क्वेरीसिलेक्टरने पिनकोडचा रकाना शोधला. त्याच्या व्हॅल्यूमध्ये ४११० ठेवलं. मग त्या रकान्यावर डिस्पॅचइव्हेंट करून 'इनपुट' इव्हेंट पाठवला, त्यानंतर 'ब्लर'. शेवटी फिक्श्चर.डिटेक्टचेंजेस, आणि मग 'सहा आकडी पिनकोड लिहा' ही ओळ पानावर दिसते का ते पाहिलं. जुन्या रकान्यावर ही टेस्ट चालवून बघितली तेव्हा ती लगेच लाल झाली.

यातली प्रत्येक पायरी का लागते ते समजून घ्या, कारण इव्हेंटबद्दलच्या नव्वद टक्के गोंधळाचं मूळ यातली एखादी पायरी गाळण्यात असतं. कोडमधून व्हॅल्यू बदलली की ब्राउझर इनपुट इव्हेंट पाठवत नाही; तो फक्त माणसाच्या टाइप करण्याने येतो. म्हणून तो आपण पाठवायचा. नाही पाठवला तर रकान्यात मूल्य दिसतं, कंट्रोल रिकामा, आणि टेस्ट म्हणते 'अपेक्षित ४११०, मिळालं काहीच नाही'. ब्लर नाही पाठवला तर कंट्रोल टच्ड होत नाही, आणि आपण एररची ओळ टच्ड झाल्यावरच दाखवत असू तर ती येणारच नाही. डिटेक्टचेंजेस राहिलं तर कंट्रोल बरोबर असतो, पण पान जुनंच राहतं.

चेकबॉक्स, रेडिओ आणि सिलेक्ट इनपुट इव्हेंट ऐकत नाहीत, 'चेंज' ऐकतात. चेकबॉक्सला सरळ क्लिक करा, त्याने टिकही बदलते आणि चेंजही जातो. सिलेक्टमध्ये ऑप्शनला एनजीव्हॅल्यू दिली असेल तर सिलेक्टच्या व्हॅल्यूमध्ये 'पुणे' टाकून काही होत नाही, कारण अँग्युलर तिथे स्वतःचा क्रमांक आणि अपूर्णविराम (:) जोडून ठेवतं. सिलेक्टच्या ऑप्शन्समधून हवा तो ऑप्शन शोधा, त्याचीच व्हॅल्यू सिलेक्टला द्या आणि चेंज पाठवा.

चेकबॉक्सबद्दल आणखी एक. 'अटी मान्य'वर रिक्वायर्ड लावून टेस्ट लिहिली की टिक न करताही फॉर्म व्हॅलिड निघतो. 'फॉल्स' हे रिक्वायर्डच्या दृष्टीने भरलेलं मूल्य आहे. तिथे रिक्वायर्डट्रू हवा.

बटण दाबलं तरी 'सेव्ह' बोलावलं जात नाही, ही तक्रार मला सर्वांत जास्त वेळा ऐकावी लागते. फॉर्म पूर्ण भरला, बटणावर क्लिक केलं, आणि स्पाय, म्हणजे फंक्शन बोलावलं गेलं का ते नोंदवणारा डमी, म्हणतो मला कुणी हाकच मारली नाही. फॉर्म इनव्हॅलिड असताना बटण डिसेबल ठेवलेलं असतं. कंट्रोल व्हॅलिड झाले, पण डिटेक्टचेंजेस न केल्यामुळे पानावरचं बटण अजून डिसेबलच आहे, आणि डिसेबल बटणाचं क्लिक ब्राउझर पुढे जाऊ देत नाही. भरणं, डिटेक्टचेंजेस, मग क्लिक, हा क्रम ठेवा. यावर ट्रिगरइव्हेंटहँडलरने क्लिक पाठवायचा उपाय कुणी सुचवला तर थांबा. तो ब्राउझरला विचारतच नाही, थेट हँडलर चालवतो, डिसेबल बटणावरसुद्धा. मग बटण डिसेबल व्हायला हवं होतं हे तपासणारी तुमची टेस्ट काहीच तपासत नाही.

डिटेक्टचेंजेस करूनही बटण उघडत नसेल तर कंपोनंटवर ऑनपुश, म्हणजे खूण झाल्याशिवाय पुन्हा न रंगवण्याची सोय, आहे का बघा. टेस्टमधून कंट्रोलला सेटव्हॅल्यू केलं तर ऑनपुश कंपोनंटला कळत नाही की आपल्याला पुन्हा रंगवायचं आहे. तेच मूल्य रकान्यातून इव्हेंट पाठवून दिलं की कळतं, कारण टेम्प्लेटमधला इव्हेंट कंपोनंटवर तशी खूण करतो. माणसासारखा फॉर्म भरा, हे मी म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण.

वेळ पुढे सरकू द्या

एनजीमॉडेलचे फॉर्म वेळेच्या बाबतीत रिॲक्टिव्ह फॉर्मपेक्षा वेगळे वागतात. एनजीमॉडेल आपलं मूल्य कंट्रोलमध्ये लगेच लिहीत नाही, एका प्रॉमिसच्या मागून लिहितं. रकाने फॉर्ममध्ये नोंदवले जातात तेही तसंच. म्हणून डिटेक्टचेंजेस केल्याकेल्या फॉर्म.कंट्रोल्स पाहिले तर ते रिकामे दिसतात आणि माणूस गोंधळतो. डिटेक्टचेंजेसनंतर 'अवेट फिक्श्चर.व्हेनस्टेबल' करा, आणि मगच रकान्याला हात लावा. फॉर्मच्या आत एनजीमॉडेल असलेल्या रकान्याला नेम दिलेलं नसेल तर एनजी०१३५२ येतो. नेम द्या, प्रश्न संपला.

ईमेल आधी नोंदवलेला आहे का हे सर्व्हरला विचारणारा एसिंक (उत्तर उशिरा देणारा) व्हॅलिडेटर असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. साधे व्हॅलिडेटर पास झाल्याशिवाय तो धावतच नाही, त्यामुळे टेस्टमध्ये ईमेल अर्धवट टाकला तर एचटीटीपी टेस्टिंग कंट्रोलर म्हणेल, एक रिक्वेस्ट अपेक्षित होती, एकही आली नाही. तो धावत असताना कंट्रोलचं स्टेटस पेंडिंग असतं, व्हॅलिड नाही आणि इनव्हॅलिडही नाही. बटण डिसेबल करताना फक्त इनव्हॅलिड पाहिलं असेल तर त्या काळात फॉर्म सबमिट होऊ शकतो, आणि ही टेस्ट लिहिण्यासारखी आहे. व्हॅलिडेटरमध्ये ३०० मिलिसेकंदांचा टायमर असेल तर फेकएसिंकमध्ये (टेस्टच्या नकली घड्याळात) टिक ३०० करा, मग एक्स्पेक्टवन, मग फ्लश, मग डिटेक्टचेंजेस.

चौथी गोष्ट सहज दिसत नाही. दुरुस्तीच्या स्क्रीनवर ईमेल आधीच भरलेला असतो, म्हणून एसिंक व्हॅलिडेटर कंपोनंट उभा राहताच धावतो. कंपोनंट साध्या बिफोरईचमध्ये उभा केला असेल तर तो टायमर खऱ्या घड्याळावर सुरू झाला, आणि टेस्टमधल्या टिकचं त्याच्यावर काही चालत नाही. अशा वेळी कंपोनंट उभा करणं फेकएसिंकच्या आतच करा.

फेकएसिंक झोनजेएस या लायब्ररीवर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये आलेल्या २१व्या आवृत्तीत नवे प्रकल्प झोनशिवाय आणि व्हायटेस्टसह तयार होतात. तिथे नव्याने टेस्ट लिहिताना एसिंक-अवेट आणि व्हायटेस्टचे नकली टायमर वापरा.

मूल्यांचे काही किरकोळ खड्डे

सेटव्हॅल्यूला गटातले सगळे कंट्रोल द्यावे लागतात. एक राहिला तर एनजी०१००२. फॉर्ममध्ये नवा रकाना वाढला की जुन्या टेस्ट यावरून फुटतात. पॅचव्हॅल्यू वापरून ते टाळता येतं, पण पॅचव्हॅल्यू चुकीचं नावही मुकाट्याने गिळतो. म्हणून टेस्टमध्ये एकच 'वैध फॉर्म' बनवणारं फंक्शन ठेवा, त्यात सेटव्हॅल्यू करा, आणि नवा रकाना आला की तिथे एकदाच भर घाला.

डिसेबल केलेला कंट्रोल फॉर्म.व्हॅल्यूमध्ये येत नाही. तो हवा असेल तर गेटरॉव्हॅल्यू. डिसेबल कंट्रोलचं व्हॅलिडही फॉल्स आणि इनव्हॅलिडही फॉल्स असतं, त्यामुळे 'व्हॅलिड असायला हवा' अशी टेस्ट तिथे पडते. खरा प्रश्न 'डिसेबल्ड आहे का' हा असतो. रीसेट केल्यावर रिकामी स्ट्रिंग अपेक्षित असते आणि नल मिळतो. कंट्रोल बनवताना नॉननलेबल दिलं तर तो मूळ मूल्यावर परत येतो.

हिरवी झाल्यावर

टेस्ट हिरवी झाली की लगेच कमिट करू नका. कंपोनंट उघडा आणि पिनकोडचा पॅटर्न काढून टाका. टेस्ट चालवा. ती लाल झाली पाहिजे, आणि एररमध्ये पिनकोडचीच ओळ दिसली पाहिजे. पॅटर्न परत ठेवा. मग टेम्प्लेटमध्ये फॉर्मकंट्रोलनेमचं एक अक्षर बदला आणि पुन्हा चालवा, तेव्हाही लाल. तेही पूर्ववत करा. बटणाचं डिसेबल्ड काढून पाहा, एररच्या ओळीची अट काढून पाहा. एखादी गोष्ट काढूनही सगळं हिरवंच राहिलं, तर त्या गोष्टीची टेस्ट अजून लिहायची आहे. आमच्या त्या १८ टेस्टवर हा प्रयोग केला तेव्हा सात टेस्ट कशानेच लाल होईनात. त्या काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी पाच नव्या लिहिल्या, पाचही रकान्यातून टाइप करणाऱ्या.